पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला, पुढे काय? परदेशी परिषदेचा खर्च, व्हिसा आणि तारखांचं गणित

समजा, नागपुरात अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात पीएचडी करणारी एक मुलगी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड कसं वाढतं, हा तिचा विषय. वडिलांची काटोलजवळ संत्र्याची बाग. व्हिएन्नामध्ये दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास युरोपियन जिओसायन्सेस युनियनची मोठी परिषद भरते, तिथं तिच्या कामाचा गोषवारा, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारला जातो. गाइड खूश, घरी पेढे. आणि मग एकेक कागद समोर यायला लागतो: रजिस्ट्रेशन फी, विमानाचं तिकीट, हॉटेल, विमा, व्हिसा, बँक स्टेटमेंट, एनओसी. आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींचा प्रवास या कागदांपाशीच थांबतो. त्यांच्या कामात काही उणं असतं म्हणून नव्हे, आणि हीच गोष्ट मला फार लागते.

पैसा आणि व्हिसा हे दोन वेगळे अडथळे म्हणून सांगितले जातात. पण जवळून पाहिलं तर दोन्हींच्या मुळाशी अडचण एकच आहे. पैसे आधी भरावे लागतात आणि होकार नंतर येतो. परिषदेचा होकार, अनुदानाचा होकार, व्हिसाचा होकार, या तिघांच्या तारखा एकमेकींना विचारून ठरलेल्या नसतात. ज्याच्या घरात दीड-दोन लाख रुपये सहा महिने अडकून पडले तरी चूल पेटते, तो जातो. बाकीचे मागे राहतात.

घरबसल्या पेपर वाचता येतात, भाषणं ऑनलाइन ऐकता येतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं घरचे विचारतात, कधीकधी प्राध्यापकसुद्धा. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी उत्तर सरळ आहे. त्यांच्याकडे महत्त्वाचं काम परिषदेतच प्रसिद्ध होतं, निदान एका लेखकाला रजिस्ट्रेशन करावंच लागतं, आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या परिषदांमध्ये पेपर मांडलाच नाही तर तो त्यांच्या डिजिटल लायब्ररीतून वगळण्याची मुभा आयोजकांना असते. म्हणजे व्हिसा अडला तर दोन वर्षांचं काम अडतं. इतर विषयांत पेपर जर्नलमध्ये छापून येतो. परिषदेत भेटतात ती माणसं. आपल्या पोस्टरसमोर कुणीतरी थांबतं, विचारतं, "हे नमुने पावसाळ्याआधीचे की नंतरचे?" आणि त्या प्रश्नातून पुढचा प्रयोग सुचतो, मेलामेली सुरू होते, पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा कळते. हे रेकॉर्डिंग पाहून होत नाही.

पाकिस्तानचे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना हे पुरतं कळलं होतं. केंब्रिजहून ते १९५१ मध्ये लाहोरला शिकवायला परतले आणि १९५४ मध्ये पुन्हा केंब्रिजला गेले. आपल्या विषयावर बोलायला तिथं कुणी नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. देश सोडायचा की भौतिकशास्त्र, असा पेच दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तला आयसीटीपी हे भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. विकसनशील देशांतल्या संशोधकांनी तिथं काही आठवडे यावं, काम करावं, आपल्या देशात परत जावं, ही त्यामागची कल्पना. साठ वर्षांनंतरही ते केंद्र चालू आहे, आणि आपल्या गणित-भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या शिबिरांवर डोळा ठेवायला हवा, कारण तिथं निवड झालेल्यांना खर्चासाठी मदत मागता येते.

आता हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत. शहर आणि हंगाम बदलला की बदलतील. युरो १०० रुपयांच्या आसपास धरू. विद्यार्थ्याची रजिस्ट्रेशन फी ३५,००० रुपये. नागपूर ते व्हिएन्ना जाऊन-येऊन विमान ७५,०००. पाच रात्री साध्याशा हॉटेलात ५०,०००. व्हिसाची फी ९,०००, व्हिसा सेंटरचं सेवाशुल्क २,०००, प्रवास विमा २,०००, व्हिसासाठी मुंबईची फेरी ५,०००, तिकडचं खाणंपिणं आणि मेट्रो १२,०००. बेरीज होते १,९०,०००. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. म्हणजे पाच महिन्यांची फेलोशिप, घरभाडं न देता, न जेवता. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाकाठी १२,००० रुपये कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, मिळते. त्यात केमिकल, झेरॉक्स, फील्डवर्क सगळं बसवायचं असतं. आणि ही गोष्ट ज्यांना फेलोशिप आहे त्यांची. विदर्भातल्या कितीतरी कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवून पीएचडी करणारे लोक आहेत. त्यांचा हिशेब मांडायला बसलं तर पहिल्या ओळीलाच पेन थांबतं.

पैसे असले तरी ते वेळेवर भरता येणं ही वेगळी परीक्षा. सवलतीची, म्हणजे अर्ली बर्ड फी भरण्याची मुदत व्हिएन्नाच्या घड्याळाप्रमाणे संपते. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाट. त्या वेळी कार्ड चालत नाही असं लक्षात येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते स्वतः सुरू करावे लागतात. परदेशी चलनात पैसे भरले की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात, त्यावर जीएसटी. हे सगळं आठवडाभर आधी पाहून ठेवायचं. फी भरण्याआधी आयोजकांना एक मेल जरूर टाका: व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का, आणि मी ऑनलाइन किंवा सहलेखकामार्फत पेपर मांडू शकते का? चांगल्या परिषदा याचं उत्तर लेखी देतात. आणखी एक विचारा: जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्नाचा देश आहे, त्या गटाला सवलत आहे का? अनेक संस्थांची असते, पण ती फॉर्मच्या तिसऱ्या पानावर कुठंतरी लपलेली असते.

मग अनुदानं नाहीत का? आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सर्वांत ओळखीची योजना म्हणजे इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट. ती पूर्वी एसईआरबी हे संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं मंडळ चालवायचं. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि एसईआरबी त्यात सामावलं. त्यातून प्रामुख्यानं इकॉनॉमी वर्गाचं विमानभाडं मिळतं. राहण्या-खाण्याचा खर्च सहसा आपला आपण. सीएसआयआर, जैवतंत्रज्ञान विभाग म्हणजे डीबीटी, आयसीएमआर यांच्याही प्रवास अनुदानाच्या योजना आहेत. परिषदांची स्वतःची मदत वेगळी. व्हिएन्नाच्या परिषदेत तरुण संशोधकांसाठी रोलंड श्लिश यांच्या नावानं प्रवास मदत दिली जाते. पण तिचा अर्ज अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या नेहमीच्या मुदतीआधी, डिसेंबरच्या सुरुवातीला जातो. जानेवारीत अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवून मग मदतीची चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ही तारीख चुकवणारे नेमके तेच असतात ज्यांच्या डिपार्टमेंटमधून आधी कुणी गेलेलं नसतं.

आणि बहुतेक सरकारी अनुदानं परत आल्यावर मिळतात. तिकीट तुम्ही काढा, जाऊन या, मूळ बिलं आणि बोर्डिंग पास जोडा, मग पैसे येतील. येईपर्यंत किती महिने जातील हे सांगणं कुणाच्याच हाती नसतं. मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकाला हे जमतं. काटोलच्या शेतकऱ्याच्या मुलीला यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागतं, किंवा आईची पाटली गहाण ठेवावी लागते. म्हणजे अनुदान मंजूर होऊनही ज्याच्यासाठी ते असतं त्यालाच ते घेता येत नाही. सरकारी पैशातून तिकीट काढायचं तर आणखी एक अट असते. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, त्याच सुमारास केंद्र सरकारनं ठरवलं की सरकारी खर्चाची विमान तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तिघांकडूनच घ्यायची. स्वस्तात मिळालं म्हणून दुसऱ्या वेबसाइटवरून तिकीट घेतलं की बिल अडकू शकतं. तेव्हा मंजुरीपत्रातली तिकिटाची अट आधी वाचायची. बोर्डिंग पास मोबाइलवर आला तरी काउंटरवरून छापील घ्यायचा आणि जपून ठेवायचा.

आता व्हिसा. कोणत्याही देशाचा अधिकारी तुमच्या फाइलमध्ये तीन गोष्टी शोधत असतो: कशाला येताय, खर्च कोण करणार, आणि परत जाणार याची खात्री काय. तुमचं संशोधन किती चांगलं आहे हे तो तपासत नाही; तो त्याचा विषयच नाही.

व्हिएन्ना ऑस्ट्रियात, आणि ऑस्ट्रिया शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. या गटाचा अल्प मुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत व्हावा असा नियम आहे, पण चौकशी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मोठ्यांसाठी फी ८० युरो होती, ती ११ जून २०२४ पासून ९० युरो झाली. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. एकापेक्षा जास्त देशांत जाणार असाल तर जिथं मुख्य काम आहे त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान फ्रँकफर्टला बदलतं म्हणून जर्मनीकडे करायचा नसतो.

फारसं कुणाला माहीत नसलेली एक तरतूद इथं सांगायलाच हवी. शेंगेनच्या व्हिसा संहितेच्या कलम १६ मध्ये संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिषदेत भाग घेण्यासाठी येणाऱ्या संशोधकांना व्हिसा फी माफ आहे. अभ्यासासाठी जाणारे विद्यार्थी आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठीही त्याच कलमात तरतूद आहे. ही माफी आपोआप होत नाही. गाइडचं आणि विद्यापीठाचं पत्र, परिषदेचं निमंत्रण जोडून ती अर्जातच मागायची, आणि सेंटरमध्ये काउंटरवर पुन्हा सांगायची. व्हिसा सेंटरचं सेवाशुल्क मात्र द्यावंच लागतं. मान्य झाली तर नऊ हजार रुपये वाचतात, आणि आपल्या हिशेबात नऊ हजार म्हणजे दोन दिवसांचं जेवण आणि मुंबईची फेरी.

फाइल अडते ती बँक स्टेटमेंटवर. ते जरा बारकाईनं पाहू. आपल्या मुलीच्या खात्यात पाच महिने फारशी हालचाल नाही: दोनशे, पाचशे, मेसचे तीन हजार. मग एके दिवशी अचानक १,८५,००० रुपये जमा. तिला माहीत आहे की ही पाच महिन्यांची थकलेली फेलोशिप एकदम आली आहे. तिकडे बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र असं दिसतं की अर्जाच्या तोंडावर कुणीतरी उसने पैसे टाकून खातं फुगवलं आहे. शिवाय आयकर विवरणपत्र मागितलेलं असतं. तिचं नसतं, आणि वडिलांचंही नसतं, कारण शेतीचं उत्पन्न आयकर कायद्यानं करमुक्त आहे आणि नुसती शेती करणाऱ्या माणसाला विवरणपत्र भरायची वेळच येत नाही. जो देशात राहतो, कायदा पाळतो, बाग सांभाळतो, त्याच्याकडे दाखवायला एकही कागद नाही असं चित्र उभं राहतं.

यावर उपाय आहे, पण तो कुणी सांगत नाही. कव्हर लेटरमध्ये ती रक्कम नाव घेऊन समजावायची: अमुक तारखेला जमा झालेले १,८५,००० रुपये ही अमुक ते अमुक महिन्यांची फेलोशिप आहे, मंजुरीपत्र सोबत जोडलं आहे. विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून तसं पत्र घेतलं तर उत्तमच. वडिलांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या पट्ट्या. हे सगळं मराठीत असतं, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्यायचा; सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या परिसरात ते होऊन जातं. वडिलांनी खर्च उचलत असल्याचं पत्र, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट. आणि परत येण्याची खात्री म्हणून विद्यापीठाचं पत्र: ही विद्यार्थिनी अमुक वर्षी नोंदणी झालेली आहे, अमुक काळासाठी रजा मंजूर आहे, प्रबंध सादर व्हायचा आहे. त्या पत्रात प्रवासाच्या तारखा निमंत्रणाशी आणि विम्याशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका दिवसाचा फरकसुद्धा खटकतो.

नागपूरकराला बहुतेक देशांसाठी मुंबई गाठावी लागते, कारण बोटांचे ठसे प्रत्यक्ष द्यावे लागतात. रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर-डोंबिवलीला कुणा नातेवाइकाकडे आंघोळ, तिथून सेंटर, संध्याकाळी परत. अपॉइंटमेंट अचानक मिळाली तर तत्काळ तिकीट, तेही नाही मिळालं तर समृद्धी महामार्गानं बस. शेंगेनचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात, ही एक सोय. अमेरिकेसाठी मात्र ठसे आणि मुलाखत अशा सहसा दोन वेगळ्या तारखा असतात, म्हणजे मुंबईत एक रात्र मुक्काम. मुंबईकर विद्यार्थ्याच्या खर्चात ही ओळच नसते.

सगळं करूनही नकार येऊ शकतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले साधारण १५ टक्के नाकारले गेले. यात पर्यटक, व्यापारी सगळे आले. नकारासोबत एक छापील फॉर्म येतो, त्यावर कारणापुढे खूण असते: मुक्कामाचा हेतू पटला नाही, किंवा परत जाण्याबद्दल शंका आहे. फी परत मिळत नाही. अपिलाची सोय प्रत्येक देशाची वेगळी आहे. जर्मनीनं तर पूर्वीची फेरविचाराची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंदच केली, आता नव्यानं अर्ज करा किंवा कोर्टात जा. परिषद तीन आठवड्यांवर असताना दोन्हींचा उपयोग नाही. आधी सांगितलेलं आयोजकांचं लेखी उत्तर तेव्हा कामी येतं: नकाराचा फॉर्म पाठवा, फी परत मागा, ऑनलाइन मांडणीची वेळ मागा. पुढच्या कोणत्याही अर्जात "यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. आणि खात्यात महिनाभर पैसे ठेवून देतो, स्टेटमेंट बनवून देतो असं सांगणाऱ्या एजंटपासून कोसभर लांब राहा. खोटा कागद सापडला तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करतं.

अमेरिकेचं दुखणं थोडं वेगळं. तिथं कायदाच असं धरून चालतो की प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला येतोय. तसं नाही हे मुलाखतीच्या दोन-तीन मिनिटांत तुम्ही पटवायचं. कोविडनंतर २०२२-२३ मध्ये भारतात या मुलाखतीची तारीख मिळायलाच ५०० दिवसांपेक्षा जास्त लागत होते. परिषदेचा होकार येतो चार महिने आधी, तेव्हा हे गणित कसं जुळावं? रसायनशास्त्र, अणुविज्ञान, जैवतंत्रज्ञान अशा विषयांना वरून सुरक्षेची जादा तपासणी लागू शकते, तिचे आठवडे वेगळे. हे फक्त विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं असं समजू नका. गोवर्धन मेहता हे भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक, त्या वेळी जागतिक विज्ञान परिषदेचे, आयसीएसयूचे अध्यक्ष. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्लोरिडातल्या एका विद्यापीठानं बोलावलेलं असताना चेन्नईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासानं त्यांच्या रसायनशास्त्राच्या कामाबद्दल शंका घेऊन व्हिसा अडवला. बातमी जगभर गेली, अमेरिकन दूतावासानं खेद व्यक्त केला आणि व्हिसा देऊ केला. वैज्ञानिकांना मुक्तपणे ये-जा करता यावी हे आयसीएसयूच्या घटनेतच लिहिलेलं होतं, आणि तिचाच अध्यक्ष दारात अडला. मेहतांसाठी जग बोललं. काटोलच्या मुलीसाठी कोण बोलणार?

आपल्या बाजूचे अडथळेही सांगितले पाहिजेत. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, मृद सर्वेक्षण संस्था, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था: नागपुरात केंद्र सरकारचे संशोधक भरपूर आहेत. त्यांना परदेशी जायला परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. आयोजकांनी आपुलकीनं हॉटेलचा खर्च उचलायचं ठरवलं तर परदेशी आदरातिथ्य म्हणून एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम ६ खाली गृह मंत्रालयाची परवानगी वेगळी. ही फाइल संचालक, मुख्यालय, मंत्रालय अशी फिरते, आणि ती परत येण्याआधी व्हिसाचा अर्ज करणं अवघड. जानेवारी २०२१ मध्ये तर शिक्षण मंत्रालयानं ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनाही पूर्वपरवानगी लावली होती. वैज्ञानिकांच्या विरोधानंतर पुढच्याच महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. विरोध केला की नियम बदलतात, याचं हे जवळचं उदाहरण.

परिषद कुठं भरते यावर सगळ्यांत जास्त अवलंबून असतं, आणि ते ठरवणारे लोक ठरवूनच बदलू शकतात. एचआयव्हीबाधितांना अमेरिका देशात येऊ देत नव्हती, म्हणून १९९२ ची जागतिक एड्स परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवली. ती बंदी २०१० मध्ये उठली, आणि मगच, २०१२ मध्ये, परिषद वॉशिंग्टनला गेली. पण त्याच परिषदेच्या २०२२ च्या माँट्रियल अधिवेशनाला आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडानं व्हिसा दिला नाही. एड्सचा सगळ्यात मोठा भार जिथं आहे तिथलीच माणसं सभागृहात नव्हती. कॅनडात परिषद असेल तर आयोजकांनी तिथल्या सरकारकडून घेतलेला स्पेशल इव्हेंट कोड मागून घ्या, तो अर्जात लिहायचा असतो. मशीन लर्निंगवाल्यांनी आयसीएलआर ही परिषद २०२० मध्ये अदिस अबाबाला भरवायचं ठरवलं, त्यामागे व्हिसाचा त्रास हे एक मोठं कारण होतं. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली, पण २०२३ मध्ये ती रवांडात किगालीला भरली. एसीएल ही भाषातंत्रज्ञानाची परिषद २०२४ मध्ये बँकॉकला झाली. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिलेली होती, त्यामुळे आपल्या मुलांचं निम्मं ओझं उतरलं. दक्षिण कोरियानं २०१४ च्या सोल इथल्या गणितज्ञांच्या जागतिक परिषदेसाठी विकसनशील देशांतल्या १,००० गणितज्ञांचा खर्च उचलला होता. आणि आपल्या कापसाचं उदाहरण घ्या. जागतिक कापूस संशोधन परिषद २०११ मध्ये मुंबईला भरली, तेव्हा नागपूरच्या संशोधकाला ती एका रात्रीच्या गाडीवर होती. पुढची २०१६ ची ब्राझीलला गोइयानियात. तिथून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखलाही लागतो, ती लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि दहा दिवस आधी घ्यावी लागते. नागपूर विद्यापीठानं जानेवारी २०२३ मध्ये १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरवली. कापूस, संत्री, हवा-पाणी या विषयांच्या जागतिक परिषदांना यजमानपद द्या म्हणून या शहरानं नेटानं मागणी करायला हवी.

खोट्या परिषदांबद्दल थोडक्यात. व्हिसा-पैशाच्या घाईत असलेल्या मुलांना "निवड झाली" असे मेल येतात, तीन दिवसांत होकार, विषय कोणताही चालतो. जर्नलं छापणाऱ्या आणि परिषदा भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकन न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितलं, त्यात परिषदांच्या नावाखाली केलेली दिशाभूलही होती. आपल्या विषयातल्या दोन ज्येष्ठांना विचारल्याशिवाय फी भरू नका.

उरतो प्रश्न, डिपार्टमेंट आणि विद्यापीठ काय करू शकतं याचा. माझं ठाम मत आहे की सगळ्यात आधी फिरता निधी हवा. समजा पाच लाख रुपये बाजूला काढले. विद्यार्थ्याचा पेपर स्वीकारला गेला की रजिस्ट्रेशन आणि तिकिटाचे पैसे त्यातून थेट भरायचे, विद्यार्थ्याच्या खिशाला हात न लावता. अनुदान परत येईल तेव्हा ते निधीत जमा. दर वर्षी तीन-चार जण त्यावर जाऊ शकतात आणि बरीचशी रक्कम परत येते. व्हिसा नाकारला गेला तर तिकिटाच्या रद्द होण्याचा तोटा निधीनं सोसायचा, मुलीच्या घरानं नाही. दुसरं, यशस्वी आणि अयशस्वी अशा दोन्ही जुन्या अर्जांची फाइल डिपार्टमेंटमध्ये ठेवायची, नावं-आकडे झाकून: कव्हर लेटर कसं लिहिलं, एनओसीत काय शब्द होते, किती दिवसांत काय आलं. आज प्रत्येक मुलगा हे शून्यापासून शिकतो. तिसरं, एनओसी आणि वित्त विभागाचं पत्र आठवडाभरात द्यायचं, आणि त्यासाठी एका माणसाला जबाबदार धरायचं. यातल्या कशालाही दिल्लीची परवानगी लागत नाही. व्यवस्थापन परिषदेच्या एका बैठकीत होणारं काम आहे, आणि ते येत्या डिसेंबरच्या आत झालं तर एप्रिलच्या परिषदेला निघणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.